बेदाण्यातली ओल आणि पुण्यातले बारा शनिवार

मी सांगली जिल्ह्यातील एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. नोकरीला अठरा वर्षे झाली. या काळात शोधनिबंध लिहिले, विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासले, समित्यांची इतिवृत्ते लिहिली. पण कंपनी काढण्याचा विचार माझ्याच काय, घरातल्या कोणाच्याही मनात कधी आला नव्हता. तरीही ऑगस्ट २०२३ पासून सव्वादोन वर्षांत प्रयोगशाळेतल्या एका उपकरणाची कंपनी झाली आणि त्यात पुण्यातल्या एका व्यवस्थापन संस्थेची मदत मोलाची ठरली. आमच्यासारखे शिकवणारे बरेच जण ‘आम्हाला धंद्यातले काय कळते’ असे म्हणून दारातूनच परत फिरतात. त्यांना ही वाट थोडी ओळखीची वाटावी, एवढ्यासाठी तारखा, खर्च आणि झालेल्या चुका यांसह हे लिहीत आहे. संबंधित संस्थांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

सुरुवात मामांच्या शेडवर झाली. मामांची तासगाव तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे आणि बाजार पडला की ते माल बेदाण्याला घालतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे, शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरायचे आणि पंधरा-वीस दिवस सावलीत वाळवायचे, अशी ती पद्धत आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो पुरेसा वाळला की नाही, हे मात्र आजही मूठ सांगते. मूठभर बेदाणा घट्ट आवळायचा आणि हात उघडायचा. मणी सुटे झाले तर माल तयार, गोळा राहिला तर अजून दोन दिवस. २०२२ च्या हंगामात मामांचे साठ बॉक्स शीतगृहात चिकट झाले. शीतगृहवाले म्हणाले, माल ओला आणला. मामा म्हणाले, तुमची खोली बरोबर नव्हती. दोघांकडेही पुरावा म्हणून मूठच होती. त्या रात्री जेवताना मामा मला म्हणाले, “तुम्ही कॉलेजात एवढी यंत्रं करता, एवढी ओल बघणारं काय न्हाई का गं?”

पाणी आणि वाळलेला गर यांच्या विद्युत गुणधर्मांत मोठा फरक असतो, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या मध्ये बेदाणा ठेवून त्याची धारकता (कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजली तर ओलाव्याचा अंदाज येतो, हे पुस्तकात आहेच. धान्याचे आर्द्रतामापक याच तत्त्वावर चालतात. अडचण बेदाण्याच्या चिकटपणाची होती. मणी कपात कसे बसतात, मध्ये किती हवा राहते, यावर आकडा हलत असे. माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने कपाच्या झाकणाला स्प्रिंग बसवली, म्हणजे प्रत्येक वेळी दाब सारखाच पडेल. पट्ट्या पितळेच्या होत्या, त्या स्टेनलेस स्टीलच्या केल्या, म्हणजे साखरेचे किटण पुसता येईल. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सत्तर अंशांवर सहा तास वाळवून जो ओलावा निघतो, त्याच्याशी आमचे उपकरण बहुतेक नमुन्यांत एका टक्क्याच्या आत जुळू लागले. त्याच आनंदात डिसेंबर २०२२ मध्ये एका परिषदेत आम्ही त्यावर पोस्टर लावले. ही पहिली चूक होती, पण ती चूक आहे हे कळायला आणखी दहा महिने जायचे होते.

जुलै २०२३ मध्ये पुण्याच्या त्या व्यवस्थापन संस्थेचे पत्रक विभागात आले. प्राध्यापक आणि संशोधक यांच्यासाठी बारा शनिवारांचा कार्यक्रम, शुल्क पंधरा हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे एकूण १७,७०० रुपये. माझी समजूत अशी होती की, उपकरण असेल तर तंत्रज्ञान संस्थेतल्या उबवणी केंद्राकडे, म्हणजे नव्या कंपन्यांना उभे राहायला मदत करणाऱ्या इन्क्युबेटरकडे, जावे. आयआयटी मुंबईचे ‘साइन’ २००४ पासून आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारात ‘व्हेंचर सेंटर’ २००७ पासून आहे. व्यवस्थापन शिकवणाऱ्यांकडे माझे काय काम? आमच्या प्राचार्यांनी वेगळे सुचवले. बंगळूरच्या आयआयएममधले ‘एनएसआरसीईएल’ २००० मध्ये आणि अहमदाबादच्या आयआयएममधले ‘सीआयआयई’ २००२ मध्ये सुरू झाले, म्हणजे व्यवस्थापन संस्था या कामात नवख्या नाहीत, हे त्यांनी लक्षात आणून दिले आणि पुढे म्हणाले, “मॅडम, तुमचं यंत्र चालतं. ते कोण घेणार हे तुम्हाला माहीत नाही. मग ज्याची उणीव आहे तिकडे जा.” ज्यांचे उपकरण अजून चालतच नाही त्यांनी आधी प्रयोगशाळा असलेले केंद्र गाठावे आणि ज्यांचे चालते पण विकणे ठाऊक नाही त्यांनी व्यवस्थापन संस्थेकडे जावे, हे त्यांचे गणित मला पुढे पूर्ण पटले.

अर्जात चार पाने लिहायची होती. त्यांपैकी तीन मी तंत्रावर खर्च केली आणि ‘ग्राहक’ या रकान्यात ‘बेदाणा उत्पादक शेतकरी’ एवढेच लिहिले. तरीही निवड झाली. १९ ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी शुक्रवारच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने भल्या पहाटे पुण्यात उतरले आणि स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन नऊ वाजता वर्गात बसले. पुढचे बारा आठवडे हाच क्रम होता. गणपतीतला शनिवार मात्र रिक्षाने नाही, चालत गाठावा लागला. बाहेरगावचे कोणी असा कार्यक्रम करणार असेल, तर शुल्काइतकाच प्रवासाचा आणि झोपेचा हिशोब आधी मांडावा. माझे जाण्यायेण्याचे आणि खाण्याचे मिळून सुमारे तेरा हजार रुपये गेले. ते महाविद्यालयाने दिले नाहीत. शुल्क मात्र दिले.

वर्गात आम्ही चौदा जण होतो. औषधनिर्माणशास्त्राच्या एक बाई, मातीपरीक्षण करणारे दोघे, पाणी शुद्ध करण्याची गाळणी बनवणारे एक गृहस्थ, असे सगळे आपापल्या प्रयोगशाळेतून उठून आलेले. पहिल्या दिवशी प्रत्येकाने पाच मिनिटे बोलायचे होते. मी स्प्रिंगच्या दाबाबद्दल सांगितले. शिकवणाऱ्या सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि फळ्यावर एकच आकडा लिहिला : ४०. सहा आठवड्यांत चाळीस जणांना भेटायचे, उपकरणाबद्दल अवाक्षर काढायचे नाही, फक्त त्यांचे काम कसे चालते ते विचारायचे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये संशोधकांसाठी ‘आय-कॉर्प्स’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्यात सात आठवड्यांत शंभर मुलाखती घ्यायला लावतात, त्या मानाने आम्हाला सूट मिळाल्याचे सरांनी हसत सांगितले. मला हसू आले नाही. अनोळखी अडत्याच्या पेढीवर जाऊन बसायचे आणि काही विकायचे नाही, हे मला शोधनिबंध लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड वाटले.

एमबीए दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी मला जोडून दिले होते. एक मुलगी लातूरची, मुलगा ठाण्याचा. दोघेही शनिवार-रविवारी सांगलीला येऊन राहिले, यात अभ्यासक्रमात मिळणाऱ्या गुणांचा वाटा होता हे खरे, पण त्यांनी कष्ट मनापासून घेतले. आम्ही सव्वीस शेतकरी, सात अडते आणि व्यापारी, पाच शीतगृहवाले आणि बेदाणा धुऊन, निवडून निर्यातीला देणारे तीन जण, अशा एकेचाळीस जणांशी बोललो. मुलाखतीच्या वहीत डाव्या पानावर माणूस काय म्हणाला आणि उजव्या पानावर त्याने प्रत्यक्षात काय केलेले आहे, असे लिहायची सक्ती होती. ही साधी युक्ती फार उपयोगाची निघाली. डाव्या पानावर बहुतेक सगळे शेतकरी ‘असं यंत्र पाहिजेच’ म्हणत होते. उजवे पान मात्र सांगत होते की, गेल्या पाच वर्षांत त्यांपैकी एकानेही ओलावा मोजण्यावर एक रुपया खर्च केलेला नाही. वर्षातून वीस दिवस लागणारी वस्तू विकत घेण्याऐवजी ते शेजाऱ्याची मूठ उसनी घेतात.

तासगावच्या बाजारात सौदा बघायला गेलो तो दिवस मी विसरणार नाही. व्यापारी पेटीत हात घालून बेदाणा वर उचलतात, बघतात, चाखतात आणि उरलेला जमिनीवर पडतो. या उधळणीबद्दल शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. मी एका व्यापाऱ्याला विचारले की, ओल किती आहे हे तुम्ही कसे ठरवता. ते म्हणाले, “बाई, हाताला कळतं.” आणि किती चुकते? त्यावर ते नुसते हसले. पुढच्या शनिवारी ही गोष्ट मी वर्गात गंमत म्हणून सांगितली. सरांनी विचारले, “मॅडम, हा आकडा सगळ्यांना कळला तर कुणाचं नुकसान होईल?” मला उत्तर द्यायला वेळ लागला. हाताचा अंदाज हीच ज्याची ताकद आहे, तो आकडा दाखवणारे यंत्र पेढीवर का ठेवील? आणि शेतकऱ्याने स्वतःचा आकडा आणला तरी व्यापारी तो का मानील? वर्षभराहून अधिक काळ मी अचूकतेच्या दशांशावर काम केले होते, पण माझे मोजमाप दोन माणसांमधल्या सौद्यात जाऊन पडणार आहे, हे मला सुचलेच नव्हते.

उत्तर शीतगृहात होते. माल आत घेताना ओलावा नोंदला तर पुढे चिकटपणाचा वाद झाला तरी कागद दाखवता येतो. नुकसान त्यांचे आणि ठेवणाऱ्याचे दोघांचेही टळते. शिवाय ते हंगामात रोज शेकडो बॉक्स घेतात, म्हणजे यंत्र पडून राहत नाही. पाचांपैकी तीन शीतगृहवाल्यांनी स्वतःहून विचारले की, असे काही मिळते का. त्यातल्या एकाने तर धान्याचा आर्द्रतामापक आणून बेदाण्यावर चालवून पाहिला होता आणि तो चिकटून बंद पडलेला कपाटातून काढून दाखवला. सरांच्या मते त्या एका बंद यंत्राची किंमत शेतकऱ्यांच्या सगळ्या होकारांपेक्षा जास्त होती.

किमतीचे काम त्या दोन विद्यार्थ्यांनी केले. माझ्या हिशोबात यंत्राचे सुटे भाग ४,३०० रुपयांचे होते आणि मी मनात सहा हजार किंमत धरली होती. त्यांनी जुळणीचे तास, प्रत्येक यंत्र ओव्हनच्या आकड्याशी जुळवून घ्यायचा वेळ, बिघडले तर परत आणण्याचे भाडे, वर्षभराची हमी आणि न खपलेल्या मालात अडकलेला पैसा असे एकेक कलम मांडून खर्च ९,६०० पर्यंत नेला. शेवटी १८,५०० रुपये आणि त्यावर जीएसटी अशी किंमत ठरली. मला ती लुबाडणूक वाटत होती. लातूरची मुलगी म्हणाली, “मॅडम, सहा हजारांत तुम्ही दुसऱ्या वर्षी फोन उचलणार नाही.” हे वाक्य मी आजही प्रत्येक सवलत मागणाऱ्याला मनातल्या मनात ऐकवते.

दहाव्या शनिवारी बौद्धिक संपदा हा विषय होता आणि तेव्हा ते पोस्टर आठवून माझ्या पोटात गोळा आला. पेटंटसाठी अर्ज करण्यापूर्वी शोध जाहीर झाला, तर त्याचे नावीन्यच जाते. भारतीय कायद्यात काही मोजक्या परिस्थितीत बारा महिन्यांची मुभा आहे, पण तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही, असे त्या दिवशी आलेल्या वकील बाईंनी सांगितले. सुदैवाने पोस्टरवर फक्त निकालांचे आलेख होते. स्प्रिंगच्या झाकणाची आणि पट्ट्यांची रचना त्यात नव्हती. पेटंटचे दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागायचा ते, त्याच रचनेभोवती बांधायचे असे ठरले आणि २० नोव्हेंबर २०२३ रोजी तात्पुरता अर्ज दाखल झाला. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून सवलतीचे शुल्क लागू आहे, त्यामुळे सरकारी शुल्क १,६०० रुपयेच पडले. त्यासाठी नमुना २८ (सवलतीला पात्र असल्याचा फॉर्म) जोडावा लागतो, तो विसरू नये. वकिलांचे तात्पुरत्या अर्जाचे बावीस हजार आणि पुढे पूर्ण अर्जाचे अडतीस हजार झाले. पूर्ण अर्जात तीस पानांपर्यंत आणि दहा दाव्यांपर्यंत जादा शुल्क नसते, म्हणून आम्ही दावे मोजून दहाच ठेवले.

त्याच वर्गात कळलेली दुसरी गोष्ट पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ ठरली. पेटंट महाविद्यालय आणि संशोधक यांच्या संयुक्त नावावर असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे एका मालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. म्हणजे आम्ही कंपनी काढली आणि महाविद्यालयाने हात वर केले, तर कंपनीकडे विकायला काहीच उरणार नाही. त्यामुळे कंपनीआधी परवान्याचा करार आणि करारासाठी आधी संस्थेचे ना-हरकत, असा क्रम ठरला. कंपनी आधी काढून मग संस्थेशी बोलायला गेलेले एक सहाध्यायी अजून तिथेच अडकले आहेत.

४ डिसेंबर २०२३ रोजी मी प्राचार्यांमार्फत अर्ज दिला. संचालक मंडळाची जानेवारीतली बैठक पुढे ढकलली गेली. फेब्रुवारीत फाइल लेखा विभागाकडे गेली आणि ‘प्राध्यापकाने खासगी व्यवसाय करणे सेवानियमांत बसते काय’ असा शेरा मारून परत आली. तेव्हा व्यवस्थापन संस्थेतल्या केंद्राच्या समन्वयक बाईंनी मला केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाची प्रत दिली आणि नुसती प्रत न देता त्यातल्या कोणत्या परिच्छेदांवर खूण करून फाइलला लावायची तेही सांगितले. त्या धोरणात प्राध्यापकाला स्टार्टअप काढता येतो, संस्थेने शिकवण्याच्या कामाला बाधा येऊ न देण्याची अट घालावी, आणि संस्थेचे साहित्य वापरून झालेली बौद्धिक संपदा संयुक्त असावी, असे स्पष्ट आहे. सरकारी कागदावर पिवळी खूण असली की, लेखनिकांचा सूर कसा बदलतो हे मी स्वतः पाहिले.

मार्चमध्ये प्रश्न वाट्याचा आला. मंडळातल्या एका सदस्यांनी साडेनऊ टक्के समभाग मागितले, कारण धोरणात तो आकडा आहे. धोरणातला पुढचा भाग त्यांनी वाचलेला नव्हता : प्राध्यापक पूर्ण पगार घेत असेल, तर संस्थेने त्याच्या वाट्याच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, आणि तेही साडेनऊच्या मर्यादेत. कंपनीत साठ टक्के माझ्या विद्यार्थ्याचे आणि चाळीस माझे ठरले होते. चाळीसचे वीस टक्के म्हणजे आठ. हे गणित मी कागदावर करून नेले. मग संस्थेच्या सनदी लेखापालांनीच मुद्दा निकालात काढला. आमची संस्था सार्वजनिक न्यास आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ३५ आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ११(५) यांमुळे न्यासाला खासगी कंपनीचे समभाग सहज घेता येत नव्हते. अशा वेळी कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, वेगळी कंपनी काढून तिच्यामार्फत समभाग धरतात, पण आमच्याकडे ती नव्हती आणि काढायला आणखी वर्ष गेले असते.

व्यवस्थापन संस्थेतल्या वाटाघाटी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी मला अर्धा तास फोनवर दिला. त्यांचा सल्ला एका वाक्याचा होता : संस्थेला नक्की काय हवे आहे, पैसा की दाखवायला आकडा, ते आधी विचारा. विचारल्यावर कळले की, मूल्यांकनाच्या अहवालात ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ या रकान्यात नोंद हवी होती. मग समभाग सोडून विक्री किमतीवर दोन टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी), पाच वर्षे फक्त आमच्याच कंपनीला परवाना आणि अहवालात नोंद, असा मसुदा झाला. २७ एप्रिल २०२४ रोजी ठराव संमत झाला. जवळजवळ पाच महिने. त्या काळात मी दोनदा सगळे सोडून द्यायचे ठरवले होते, आणि दोन्ही वेळा विद्यार्थ्याने नोकरी धरली नाही याची लाज वाटून पुन्हा फाइलमागे गेले.

त्या मानाने कंपनीची नोंदणी सरळ गेली. नाव आरक्षित करण्याचे एक हजार रुपये. दोन नावे सुचवता येतात. आमची दोन्ही एका अस्तित्वात असलेल्या कंपनीशी जुळतात म्हणून परत आली आणि दुसऱ्या वेळी तालुक्याच्या नावाची दोन अक्षरे जोडल्यावर मान्य झाली. नोंदणीकृत पत्ता म्हणून सासूबाईंच्या नावचे घर दाखवले. त्यासाठी त्यांचे संमतिपत्र आणि दोन महिन्यांच्या आतले वीजबिल लागते. सासूबाईंनी सही करण्यापूर्वी “घरावर बोजा तर चढत नाही ना?” असे तीनदा विचारून घेतले. २४ जून २०२४ रोजी प्रमाणपत्र आले. सनदी लेखापालांचे बारा हजार आणि डिजिटल सह्यांचे तीन हजार, असा खर्च झाला. बँक खाते उघडायला मात्र पाच आठवडे गेले, कारण शाखेत दर वेळी एक नवीन कागद आठवत होता. नोंदणीनंतर १८० दिवसांत भांडवल खात्यात भरून व्यवसाय सुरू केल्याचे घोषणापत्र द्यावे लागते, नाहीतर दंड मोठा आहे. त्यामुळे बँकेच्या दिरंगाईकडे दुर्लक्ष करू नये. स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता सप्टेंबरमध्ये मिळाली. तिला शुल्क नाही, ती मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांचे फोन मात्र आठवडाभर येत होते.

ऑक्टोबरमध्ये स्टार्टअप इंडिया बीज निधी योजनेसाठी अर्ज केला. ही योजना २०२१ मध्ये सुरू झाली. आम्ही अर्ज केला तेव्हा उबवणी केंद्रांमार्फत वीस लाखांपर्यंत अनुदान मिळत होते, अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी लागत होती आणि एका वेळी तीन केंद्रे निवडता येत होती. दोन केंद्रांनी नाकारले. एकाने बाजारपेठ लहान आहे असे कळवले, दुसऱ्याने काहीच कळवले नाही. तिसरे केंद्र आमच्याच व्यवस्थापन संस्थेचे होते. तिथल्या समितीने तंत्राबद्दल दोन प्रश्न विचारले आणि शीतगृहवाल्यांबद्दल चौदा. वहीची डावी-उजवी पाने तेव्हा कामाला आली. बारा लाख मंजूर झाले, चार-चार लाखांच्या तीन हप्त्यांत, प्रत्येक हप्त्याला ठरलेले काम पूर्ण केल्याचा दाखला. पहिला हप्ता फेब्रुवारी २०२५ मध्ये, ऐन हंगामात आला. केंद्राने वर्षभराच्या मार्गदर्शनासाठी कंपनीत तीन टक्के घेतले. बीज निधीच्या प्रक्रियेसाठी मात्र केंद्राला कोणतेही शुल्क घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. दरम्यान १४ नोव्हेंबरला पेटंटचा पूर्ण अर्ज आणि त्यासोबत चार हजार रुपये भरून परीक्षणाची विनंती दाखल केली. मार्च २०२४ पासून या विनंतीची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आली आहे, त्यामुळे जुने लेख वाचून निर्धास्त राहू नये.

सगळेच उपयोगी होते असे नाही. एका मार्गदर्शकांनी यंत्राला मोबाइल ॲप जोडून महिन्याची वर्गणी लावायचा आग्रह दोन महिने धरला. मणेराजुरीजवळच्या ज्या शीतगृहात आम्ही चाचणी घेत होतो, तिथे आतल्या खोलीत फोनला रेंजच नव्हती. शेवटच्या शनिवारचा सादरीकरणाचा सोहळा तर मला लग्नातल्या आहेरासारखा वाटला : सगळे टाळ्या वाजवतात, कोण काय देणार हे आधीच ठरलेले असते. सादरीकरण इंग्रजीतच हवे, ही अट तर अनाकलनीय होती, कारण आमचा एकही ग्राहक इंग्रजीत व्यवहार करत नाही. शिवाय व्यवस्थापन संस्थेकडे ओव्हन नाही, चाचणीसाठी पाणी-वीज नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात स्प्रिंग गंजून आकडे दोन टक्क्यांनी सरकू लागले, तेव्हा तिथले कोणीच काही सांगू शकले नाही. त्यासाठी पुन्हा आमच्याच कार्यशाळेतल्या फिटर काकांकडे जावे लागले. काकांनी स्प्रिंग हातात घेतली, नखाने खरवडली आणि म्हणाले, “मॅडम, ही स्टीलची म्हणून कुणी दिली तुम्हाला?”

दिवाळीपर्यंत अकरा यंत्रे विकली गेली, त्यातली आठ शीतगृहांत आणि तीन निर्यातीच्या युनिटांत. शेतकऱ्याकडे एकही नाही. मामांकडे आहे ते जुने, पितळी पट्ट्यांचे, आणि तेही मूठ आवळून झाल्यावर मग त्यात बेदाणा घालतात. पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल अजून आलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये करारानुसार स्वामित्वधनाचा हिशोब केला : दोन लाख तीन हजार पाचशेवर दोन टक्के, म्हणजे ४,०७० रुपये. रक्कम पन्नास हजारांच्या आत असल्याने करकपात नाही. धनादेश घेऊन लेखा विभागात गेले, तर लेखनिकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हे कोणत्या शीर्षाखाली जमा करायचे, असे विचारले. ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ असे शीर्ष त्यांच्या संगणकात नव्हते. पंधरा मिनिटे शोधल्यावर त्यांनी पावती फाडून दिली. तिच्यावर लिहिले आहे : इतर किरकोळ जमा.